वेंकायम्मांचे भाष्य

गोदावरी समुद्राजवळ येऊन ऐसपैस पसरते, त्या तेलुगू मुलुखात एकदा एक वृद्ध कवी राहत असे. स्वतःची काव्ये लिहून झाल्यावर उरलेले आयुष्य त्याने संस्कृत नाटके तेलुगूत आणण्यात घालवले. अशा कथांतून कवीच्या बायकोचे नाव सांगायची पद्धत नाही. मी सांगते. त्यांचे नाव वेंकायम्मा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कोणी शिकवलेच नाही, तर येणार कुठून?

कवीचा एक शिष्य होता. त्याच्या सासऱ्याचा चिंचेचा व्यापार. सासऱ्याने बजावले होते, "जावईबापू, देवळातल्या मागच्या वाचनाला तुमचं ऐकता ऐकता निम्मी सभा उठून गेली. या पौर्णिमेलाही उठली, तर दुसऱ्या दिवसापासून वखारीत बसायचं. चिंच निदान खपते तरी."

शिष्याच्या वाट्याला जो प्रवेश आला होता, त्यात राजा भर दरबारात राणीला हिणवतो आणि राणी त्याला उत्तर देते. शिष्याने सात कोश पालथे घालून ते उत्तर तेलुगूत आणले व गुरूला ऐकवले. एकेक समास इतका लांब, की राणीचा राग संपण्याआधी तिचा श्वास संपावा.

गुरूने जांभई दिली. "चल, जेवायला."

केळीच्या पानांवर भात, वरण, अंबाडीची चटणी वाढलेली होती. गुरूने एक घास घेतला आणि पान दूर सारले. "चाळीस वर्षं झाली, हिला चटणी काही जमली नाही. शेजारच्या सुब्बम्माच्या हाताला खरी चव!"

शिष्याने चमकून वेंकायम्मांच्या हातातल्या पळीकडे पाहिले. आता पळी गुरूच्या टाळक्यात बसणार, असे त्याला वाटले. पण वेंकायम्मांनी पळी शांतपणे खाली ठेवली.

"आपण पंडित. आपलं कसं चुकेल? चूक माझीच. चाळीस वर्षं मी समजत होते, आपण मिटक्या मारता त्या चटणीसाठी. उठा, सुब्बम्मांकडे जा. आणि येताना माझ्यासाठीही थोडी आणा. मलाही कधी कोणाच्या हातचं आयतं मिळू दे."

"लिही!" गुरू ओरडला. "एक शब्द सोडू नकोस!"

शिष्य गोंधळला. "गुरुजी, म्हणून मुद्दाम हिणवलंत? राणी काय म्हणेल ते नुसतं विचारलं असतं, तरी अम्मांनी सांगितलं असतं."

"विचारलं असतं, तर तिनेही विचार करून सांगितलं असतं, म्हणजे तुझ्यासारखंच. बाळा, ज्याला वर्मी लागतं, तो विशेषणं शोधत बसत नाही. साधं बोलतो आणि फार आदरानं बोलतो. त्या आदराचाच चटका बसतो. मूळ कवीनं राणीला कुठल्या तरी स्वयंपाकघरातच ऐकलं असणार. तू त्याचे शब्द उचललेस, ऐकायचं तेवढं राहून गेलं."

बोलला चांगले. वेंकायम्मांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "माझं बोलणं पोथीत जाणार असेल, तर चारचौघांत माझं नाव घ्यायचं. आणि ह्यांना आज जेवण नाही."

गुरू उपाशी राहिला. योग्यच झाले.

पौर्णिमेला देवळाच्या मंडपात वाचन झाले. राणी बोलू लागली तशी बायकांतली कुजबुज थांबली आणि पुरुष खालच्या जाजमाची वीण तपासू लागले. चिंचेचा व्यापारी बायकोची नजर चुकवत खांबाआड सरकला, पण उठला नाही. कोणीच उठले नाही.

सभापती शास्त्रीबुवांनी विचारले, "राणीचा भाव इतका उकलला कसा? कोणाचं भाष्य पाहिलंस?"

एवढ्या विद्वानांपुढे एका निरक्षर बाईचे नाव घ्यायचे! शिष्याने एकदा गुरूकडे पाहिले, मग बायकांच्या रांगेकडे, आणि हात जोडले. "वेंकायम्मांचं."

"अस्सं!" शास्त्रीबुवांनी मान डोलावली. "फार अधिकारी भाष्य. दुर्मिळ. आमच्या संग्रही आहे."

बायकांच्या रांगेतून आवाज आला, "कुठल्या कपाटात ठेवलंत, शास्त्रीबुवा? मी तर अजून एक अक्षर लिहिलेलं नाही."

मंडप हसून हसून लोळला. शिष्य मात्र हसला नाही. तो खाली उतरला, वेंकायम्मांच्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, "अम्मा, पुढच्या प्रवेशासाठी केव्हा येऊ ऐकायला?"

"उद्या दुपारी ये," त्या म्हणाल्या. "पण नुसता ऐकत बसू नकोस. भाजी निवडू लाग. हात कामात असले, की कान उघडतात."