कोनाड्यातली केरसुणी

फार पूर्वी, बायका केर काढायला वाकत होत्या आणि धूळ मात्र कुणापुढे वाकत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं आणि त्या नगराच्या वेशीपाशी भिवरा नावाची केरसुण्या बांधणारी बाई राहत होती.

शिंदीची पानं वाळवावीत तर भिवरानं, चिरावीत तर भिवरानं आणि मूठ आवळावी तीही भिवरानंच. तिची केरसुणी वर्षभर वापरली तरी एक पातं सुटत नसे. लक्ष्मीपूजनाला सगळं नगर तिच्याच दारातून नवी केरसुणी नेई, हळदकुंकू वाहून त्या केरसुणीच्या पाया पडे. केरसुणी म्हणजे लक्ष्मी. चुकून पाय लागला तर लहान पोरंही हात जोडत.

त्याच नगरात राजवाड्याचा दिवाणखाना झाडायला ठकूबाई होती. दिवाणखाना कसला, धुळीचं माहेरच ते! छत दोन माणसं उंच, भिंतीभर लाकडी नक्षीच्या जाळ्या, आणि शिसवी कपाटं अशी जड की हलवायला चार गडी लागावेत. तीस वर्षं ठकूबाईनं हे सगळं एकटीनं झाडलं. एकतिसाव्या वर्षी तिची कंबर धरली ती सुटेना.

कारभाऱ्यांच्या नजरेतून काहीच सुटत नसे. ते राणीसाहेबांना म्हणाले, "ठकूबाईचे हात आता वर पोचत नाहीत आणि कंबर खाली वाकत नाही. दुसरी बाई बघावी."

राणी मायाळू होती, पण तिला घाणही खपत नसे. ती म्हणाली, "लक्ष्मीपूजनाच्या दुपारी दिवाणखाना नीट पाहा. एक जरी जळमट दिसलं, तर दुसरी बाई ठेवा. तोवर ठकूबाईला काही बोलायचं नाही."

पण गोष्ट ठकूबाईच्या कानावर गेलीच. ती भिवराकडे आली आणि उंबऱ्यातच बसली. "भिवरे, राजवाड्यामागची ती एक खोली, तेवढंच घर हाय मला. काम गेलं की खोलीबी जाईल. मग या वयात कुणाच्या दारात जाऊ?"

"रडू नगं, आक्का," भिवरा म्हणाली. "मी अशी केरसुणी बांधते की सारा राजवाडा बघत राहील!"

आणि तिनं तशी बांधलीही. सगळा श्रावण त्यात गेला. शिंदीची कोवळी पाती केसासारखी बारीक चिरली. मुठीला लाखेचा लाल रंग दिला, त्यावर पिवळी वेल काढली. वर मोरपिसांचा झुपका बांधला आणि खाली सात घुंगरं. खोटं कशाला बोलू, वस्तू अशी देखणी की बघणाऱ्याचं मन भरू नये. हलवली की घुंगरं वाजत, आणि पिसांवर धूळ अलगद उचलली जाई.

कारभाऱ्यांनी ती पाहिली आणि दोन्ही हात जोडले. "वा भिवराबाई! ही तर साक्षात लक्ष्मी!" त्यांनी ती दिवाणखान्याच्या मधल्या कोनाड्यात ठेवली आणि हुकूम सोडला, "हिला कुणी हात लावायचा नाही. दर शुक्रवारी हळदकुंकू वाहायचं." भिवराला आभाळ ठेंगणं झालं.

आठ दिवसांनी ती राजवाड्यात डोकावली. बघते तर ठकूबाई जुन्या झिजलेल्या केरसुणीनं, कण्हत कण्हत, वाकून झाडत होती.

"आक्का, माझी केरसुणी कुठं हाय?"

"ती काय कोनाड्यात. रोज पाया पडते मी तिच्या."

"आन् केर?"

ठकूबाईनं कानाला हात लावला. "अगं, हुकूम हाय कारभाऱ्यांचा. आन् हुकूम नसता तरी एवढ्या देखण्या लक्ष्मीला मी धुळीत लोटली असती व्हय?"

भिवराला आधी हसू आलं, मग तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सगळा श्रावण खर्ची घातला, आणि आक्काची कंबर होती तिथंच होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दिवाणखान्यात येऊन भिंतीला टेकून बसली. तीन दिवस तशीच बसून होती. ठकूबाईचा हात कुठं अडतो, ती कुठं थांबून कंबर चोळते, डोळे कधी चोळते, एवढंच बघत राहिली. छताची जळमटं काढताना सगळी धूळ ठकूबाईच्याच डोळ्यांत पडत होती. जाळ्यांच्या नक्षीत बोट जात नव्हतं. आणि कपाटाखाली काय आहे, हे कपाटालाच ठाऊक.

मग भिवरा कामाला लागली. एका लांब, हलक्या वेळूच्या टोकाला तिनं केरसुणी बांधली आणि तिच्या खाली नारळाची करवंटी उपडी न घालता उताणी ओवली, म्हणजे वरून पडणारी धूळ करवंटीतच साठावी. पहिल्या खेपेला करवंटी सुटली आणि नेमकी ठकूबाईच्या डोक्यात बसली.

"अगं, मला जिवंत ठेवायचं हाय ना?" ठकूबाई ओरडली.

भिवरानं भोक बारीक केलं, दोरी दुहेरी केली, आणि करवंटी घट्ट बसली. जाळ्यांसाठी बांबूच्या बारीक कामटीला जुन्या लुगड्याची मऊ चिंधी गुंडाळली. कपाटाखाली सरकेल अशी चपटी केरसुणी बांधून तिला आडवा दांडा दिला. केर भरायच्या सुपलीलाही उभा दांडा लावला, म्हणजे वाकायला नको. रंग नाही, घुंगरू नाही. पण मला विचाराल तर त्या मोरपिसांपेक्षा ती करवंटीच देखणी! कुणाच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून तीन दिवस बसून बघणारी बाई काही रोज भेटत नाही.

कारभाऱ्यांनी मात्र नाक मुरडलं. "केरसुणीला काठी? आणि केरसुणी घरात उभी ठेवू नये, एवढंही कळत नाही?"

"काम झालं की आडवी ठिवू की, कारभारी," भिवरा म्हणाली. "केरसुणी आडवी झाली म्हंजे आमच्या आक्काची कंबर तरी उभी राहील."

लक्ष्मीपूजनाची दुपार आली. कारभारी हातात समई घेऊन कानाकोपरा धुंडाळू लागले. छत पाहिलं, लखलखीत. जाळ्यांतून बोट फिरवलं, बोट स्वच्छ. पोटावर पडून कपाटाखाली पाहिलं, तिथंही काही नाही. राणीसाहेबांचा चेहरा फुलला. ठकूबाई पदराचं टोक मुठीत धरून उभी होती, शेजारी भिवरा होती.

"चला, आता पूजेची केरसुणी घ्या," राणी म्हणाली.

कारभाऱ्यांनी कोनाड्यात हात घातला आणि ते ओरडले, "जळमट! राणीसाहेब, हे बघा जळमट!"

खरंच होतं. मोरपिसांपासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं. लाल मुठीवर बोटभर धूळ होती, घुंगरं मुकी झाली होती. दर शुक्रवारी सगळ्यांनी समोरून हळदकुंकू वाहिलं होतं, मागं कुणी पाहिलंच नव्हतं. ठकूबाईला आपली खोली डोळ्यांसमोर दिसली.

"ठकूबाई, हे कसं राहिलं?" राणीनं विचारलं.

"तिला हात लावायचा न्हाई, असा हुकूम होता, राणीसाहेब."

"कुणाचा हुकूम?"

कारभारी हातातल्या समईची वात पुढं सारू लागले.

तेव्हा भिवरा पुढे आली. "त्यांना एकट्याला बोलू नका, राणीसाहेब. चूक माझी हाय. ती केरसुणी मी बघणाऱ्यांसाठी बांधली. झाडणारीचा हात तवा माझ्या ध्यानातच आला न्हाई."

राणीनं ठकूबाईकडून वेळूची केरसुणी मागून घेतली. करवंटीत अजून चिमूटभर धूळ होती. "पाटावर हिला मांडा," ती म्हणाली.

कारभारी चाचरले, "पण पूजेला नवी केरसुणी लागते. ही तर वापरलेली आहे!"

"वापरलेली आहे म्हणूनच. लक्ष्मी घर स्वच्छ बघून येते ना? मग तिला घरात आणणारी हीच."

वेळू एवढा लांब की पाटाच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर राहिला. राणीनं त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकवलं आणि केरसुणी परत ठकूबाईच्या हातात दिली. ठकूबाईनं ताठ उभं राहून कोनाड्यातलं जळमट काढलं. कोळी करवंटीत पडला. तिनं तो बागेत नेऊन सोडला, कारण सणाच्या दिवशी कुणाचं घर मोडलं तरी जीव जाऊ नये. खोलीची चिंता त्या दिवशी मिटली.

देखण्या केरसुणीची मोरपिसं सोडवून जाळ्या झाडायला घेतली आणि घुंगरांसकट उरलेली केरसुणी कोनाडा झाडायला ठेवली. तिचीही हौस फिटली असणार, कारण घुंगरं पुन्हा रोज वाजू लागली. आणि मधला कोनाडा रोज झाडायचं काम राणीनं कारभाऱ्यांना दिलं.

त्या नगरात अजून चाल आहे म्हणतात. लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतात आणि पाडव्याच्या सकाळी, फराळाच्या ताटाला हात लावण्याआधी, त्याच केरसुणीनं घर झाडतात.

तात्पर्य: वस्तू घडवताना ती ज्याच्या हातात जाणार त्याची कंबर आधी बघावी. आणि पूजा कितीही केली, तरी कोनाड्यातल्या केरसुणीवर धूळ ही बसणारच.