ढोलीतली भेग

झाडांच्या ढोल्या भाड्याने मिळायच्या, त्या काळातली ही गोष्ट. सुतारपक्षी बेहड्यावरची आपली ढोली चाळीस चारोळ्यांच्या अनामतीवर द्यायचा. ढोली सोडताना अनामत परत, असा ठराव असायचा.

पिल्लं झाली तशी तिथे राहणाऱ्या खारीला जागा अपुरी पडू लागली. तिने ढोली रिकामी केली. समोरच्या आंब्यावरची मोठी ढोली ठरली होती, पण तिथेही आधी अनामत भरायची होती. तोवर तिची तीन पिल्लं उघड्या फांदीला चिकटून बसली होती आणि वर शिक्रा घिरट्या घालत होता.

"अनामत विसर," सुतारपक्षी म्हणाला. "भिंतीला भेग पाडलीस."

"मी आले तेव्हापासून आहे ती!"

"मग साक्षीदार आण."

शिक्रा आणखी खाली आला. खार जिवाच्या आकांताने ओरडली, "या ढोलीत आधी कोण राहिलंय?"

"मी," साळुंकी म्हणाली. "त्याच भेगेपायी माझी अनामत बुडाली."

"माझीपण!" वरच्या फांदीवरून पोपट म्हणाला.

नवा भाडेकरू पिंगळा चारोळ्यांचं गाठोडं घेऊन दारातच उभा होता. त्याने आत डोकावलं. "दोघांकडून भरपाई घेतलीस, तिसरीकडून घेतोयस, आणि भेग अजून तशीच?" त्याने गाठोडं पुन्हा पंखाखाली घेतलं.

सुतारपक्ष्याने खारीच्या चाळीस चारोळ्या बाहेर काढल्या.

शेवटचं पिल्लू आंब्याच्या ढोलीत शिरलं, तेव्हा मागून ठकठक ऐकू आली. सुतारपक्षी ती भेग बुजवायला पहिल्यांदाच पाचर ठोकत होता.