रिकाम्या गाडीची चेन

"चेन बरोबर आहे की नाही, तेवढंच सांगा चाचा."

बाबालाल मिस्त्रींनी गाडीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत गाडीकडं...

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

आता चेन काय माणूस बघून बरोबर आणि चूक ठरते होय? मी इंजिनिअर माणूस, मला हसूच आलं. पण आवरलं. चाचांचं वय पंचाहत्तर, आणि आमच्या अण्णांच्या गाडीला पहिल्या दिवसापासून हात लावलेला हा एकच मिस्त्री. गुडघे गेल्यापासून त्यांनी गॅरेज जावयाकडं दिलंय. त्या रविवारी मी रिक्षा पाठवून त्यांना जयसिंगपूरच्या आमच्या घरी आणलं होतं. शिकायला नव्हे हां. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला.

गाडी म्हणजे साडेतीनशे सीसीची मोटरसायकल, लांबच्या प्रवासाची. अण्णा आणि आई तिच्यावरून बदामी, हंपी, श्रवणबेळगोळ, कुठं कुठं हिंडून यायचे. मला आजोळी सोडायचे आणि आठ-आठ दिवस गायब. परत यायचे ते उन्हानं काळेठिक्कर पडून, आणि दोघंही इतकी खूश असायची की मला राग यायचा. आज त्या रागाचीसुद्धा आठवण येते.

अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून आई गेटच्या बाहेर पडली नव्हती. देवळात नाही, सख्ख्या भावाच्या घरच्या लग्नाला नाही. भाजीसुद्धा गेटवरच घ्यायची.

मला ते बघवत नव्हतं. म्हणून मी ठरवलं, अण्णांची गाडी चालू करायची आणि आईला मागं बसवून बदामीला न्यायचं. आठ महिने दर शनिवार-रविवारी पुण्याहून यायचो आणि अंगणात पाने-पकडी मांडून बसायचो. इंजिन खोललं, वायरिंग नवं टाकलं, टाकीला रंग दिला, सीटला नवं रेक्झिन चढवलं. मधूनमधून आईला विचारायचो, येणार का? ती म्हणायची, आधी गाडी तर नीट होऊ दे. की मी बापडा पुन्हा कामाला.

आता एकच खोट राहिली होती. मी एकटा चालवली की गाडी झकास. मागं वजन आलं की चेन कुरकुरायची.

वजन म्हणजे तांदळाचं पोतं. पन्नास किलोचं पोतं मागच्या सीटवर दोरीनं बांधून मी शिरोळ रोडनं चक्कर मारून आलो होतो. गल्ली हसली. हसू दे. आई खिडकीत उभी होती, ती मात्र हसली नाही. "अजून आवाज येतोय," एवढं म्हणून आत गेली.

हे सगळं मी चाचांना सांगितलं. गाडी डबल स्टँडवर होती. मी चेन मधोमध बोटानं उचलली, फूटपट्टी लावली. पंचवीस मिलिमीटर. कंपनीचं पुस्तक उघडून दाखवलं. तिथंही पंचवीस.

चाचांनी पुस्तक लांब धरून वाचलं. मग मिटून माझ्या हातात दिलं.

"पुस्तक लिहिणारा एकटा हिंडत असेल," ते म्हणाले.

मग त्यांनी सावकाश समजावलं. स्टँडवर मागचं चाक लोंबतं, तेव्हा चेन सैल दिसते. वर माणसं बसली की तीच चेन ताणते. म्हणून माप रिकाम्या गाडीचं घ्यायचं नाही. जे बसणार त्यांना बसवून घ्यायचं.

एवढी साधी गोष्ट. आणि मी आठ महिने अंगणात साहेबासारखा मिरवत होतो! कान गरम झाले माझे. पण हार मानेन तर मी कसला? म्हणालो, थांबा, पोतं आणतो.

"पोत्याला घेऊन बदामीला जाणार आहेस काय, श्रेणिक?"

मी पोत्याकडं निघालेला पाय मागं घेतला.

चाचांनी घराकडं तोंड करून हाक मारली. "वैनी, जरा बाहेर येता का?"

आई दारात आली. हात पिठानं भरलेले. चाचांनी सांगितलं, चेनचं माप घ्यायचंय, मागं बसायला लागतंय. विनवणी केली नाही, आग्रह केला नाही. पाना दे म्हणावं तसं म्हणाले.

मला चाचांचा रागच आला. आता ती आत जाणार, आणि पुन्हा कधी गाडीचं नावही काढू देणार नाही, अशी माझी खात्री होती. मी मधे पडणार, तेवढ्यात आई पदराला हात पुसत पायरी उतरली.

"पुढं कोण बसतंय?" तिनं विचारलं.

"मीच की. नेहमीसारखा," चाचा म्हणाले.

नेहमीसारखा... मला काही पत्ताच नव्हता. मग चाचांनी सांगितलं. प्रत्येक प्रवासाआधी दोघं गॅरेजमधे यायची. चाचा पुढं, आई मागं, आणि अण्णा खाली गुडघ्यावर, चेनशेजारी. मी तेव्हा आजोळी पोचलेला असायचो, तोंड फुगवून.

आम्ही गाडी स्टँडवरून उतरवली. चाचा कण्हत पुढं बसले, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. आई मागं येऊन उभी राहिली. तिनं सीटवर हात ठेवला, आणि तो हात तिथंच राहिला...

चाचा वळून बघेनात. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार लांब जाऊन बंद झाला.

मग आई बसली. एका अंगानं, पाय डावीकडं सोडून.

मी चेनला बोट लावलं. तारेसारखी ताठ. हलायला तयार नाही.

दोघं उतरली. मी नट सैल करून चाक थोडं पुढं घेतलं. परत दोघांना बसवलं. चेन अजून घट्टच. मी सवयीनं फूटपट्टी काढली.

"तुझे अण्णा दोन बोटं घालून बघायचे," आई वरून म्हणाली. "बोटं हलली की मला म्हणायचे, चला मालकीणबाई."

ती अण्णांबद्दल आपणहून बोलली, तीन वर्षांत पहिल्यांदा. मी मान वर केली नाही. डोळे भरून आले होते, आणि खाली बसलेला माणूस चेन बघतोय असंच सगळ्यांना वाटतं, ते एक बरं असतं.

पुन्हा उतरली. पुन्हा नट, पुन्हा चाक. चाचा पुढं बसले. या खेपेला आईला कुणी बसा म्हणालं नाही. ती आपली आपण बसली.

मी दोन बोटं घातली. हलली.

"झालं," मी म्हणालो. पुढचं, अण्णांचं वाक्य माझ्या तोंडून निघेना.

चाचा उतरले. हँडल माझ्या हातात दिलं आणि लंगडत गेटकडं गेले. कडी काढली. दोन्ही दारं सताड उघडली.

मी पुढं बसलो. आई उतरेल म्हणून वाट बघितली. ती उतरली नाही. तिनं पदर कमरेला खोचला आणि मागचं कॅरिअर धरलं. बोटांना उरलेलं पीठ तसंच.

आठ महिन्यांत इतक्यांदा विचारलं होतं, आणि इतक्यांदा तिनं गाडीवर ढकललं होतं... मी मागं वळलो.

"आई, कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं का?"

आईनं काही बोलायच्या आधी गेटवरून चाचांचा आवाज आला.

"विचारतोस काय? बसल्यात वैनी."