नावाखालचा बोल्ट

डोंगराच्या डोक्यावर एक गाव होतं आणि गावात ट्रक एकच होता. तो हैबती ढेबेचा. लष्कराच्या लिलावातून आणलेला, वयाने म्हातारा, पण हाडापेराने दणकट. त्यात एक वस्तू अशी होती, जी खालच्या बाजारातल्या नव्याकोऱ्या गाड्यांतही नव्हती. काचेखाली हिटर होता. इंजिनाच्या गरम पाण्यावरून वारा यायचा आणि एक पंखा तो वारा काचेवर फेकायचा.

आधी लोकांनी दात काढले. "हैबती, आता ट्रकातच आंघोळ करणार काय रं?" पण थंडीत घाटात धुकं उतरलं, की आत बसलेल्या माणसाच्या श्वासानेच काच पांढरी होते. आसपासच्या गावांचे ड्रायव्हर ऊन पडेपर्यंत बिड्या ओढत बसत. हैबतीचा पंखा घुर्र करायचा, काच साफ व्हायची आणि गावाची स्ट्रॉबेरी बाजारात सगळ्यांच्या आधी उतरायची. स्ट्रॉबेरी म्हणजे फार नाजूक जात. सकाळी पोचली तर फळ, दुपारी पोचली तर चिखल. गावातल्या बायकांची वर्षाची मीठमिरची त्या पंख्यावर फिरत होती म्हणा ना.

हैबती कामाला वाघ. खोड एकच. त्याच्या हातून चूक कधी होतच नसे. दूध उतू गेलं तर चूल वाईट, पाय घसरला तर रस्ता वाईट. चूक जन्माला येते ती शेजाऱ्याच्या घरात, अशी त्याची पक्की समजूत. अशी माणसं फार असतात. गावात बघा, नाहीतर आरशात बघा.

दिवाळीला त्याने ट्रकची केबिन आतून रंगवायला काढली. लाला पेंटरने हिरवा रंग दिला, वेलबुट्टी काढली. मग हैबती म्हणाला, समोरच्या पत्र्यावर सोनेरी अक्षरांत माझं नाव काढ, हैबतराव. लाला अक्षरं आखायला लागला, तर 'ब'च्या पोटात एक बोल्ट आला. बोल्टाखाली काळी वायर दाबलेली.

"दादा, हितं रंग नको," लाला म्हणाला. "ही वायर उघड्या लोखंडाला टेकून राह्यला पायजे. नाव वीतभर वर घेतो."

"वर घेतलंस तर काचेवर टांगलेल्या गोंड्यांच्या आड जाईल."

"पण दादा..."

"तू पेंटर हायस का इंजिनेर? गुमान रंग भर."

लालाने बोल्ट काढला, खाली दोन हात रंग मारला, भोकातही रंग गेला. वाळल्यावर बोल्ट आवळला, त्यावरून सोनेरी 'ब' काढला आणि वरून वॉर्निश. नाव असं चकाकलं की हैबती त्या दिवशी घरात जेवलाच नाही. ताट ट्रकात मागवलं.

मार्गशीर्षात पहिलं दाट धुकं आलं. माल भरून झाला, हैबतीने कळ दाबली, पंखा गप्प. पुन्हा दाबली, मग बुक्की मारली. पंखा गप्पच. ऊन वर येईपर्यंत थांबावं लागलं. बाजारात पोचला तेव्हा व्यापारी हात झटकून घरी गेले होते. सगळा माल जामवाल्याच्या पिंपात गेला.

गावच्या बायकांत गोदाक्का थोरली. ती आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हती. शांतपणे म्हणाली, "हैबती, एकदा झालं ते झालं. पर गुरुवारचा बाजार मोठा हाय. तवा बी असंच झालं, तर आमी खालच्या गावचा टेंपो सांगणार. उशीरच हुणार, तर त्यो स्वस्त तरी पडतो."

झालं. गावाचा माल गेला तर ट्रक काय कोंबड्यांना बसायला ठेवायचा? हैबतीने फ्यूज बदलला. जुना फ्यूज धडधाकट होता, तरी त्याला शिवी देऊन दरीत फेकला. मग कळ बदलली. पंखा हलला नाही. तेव्हा मात्र त्याला चोर सापडला. पंख्याची मोटर गेल्या साली खालच्या बाजारातल्या शिदू मिस्त्रीने बसवली होती. शिदू म्हणजे त्याचा जुना दोस्त, लग्नात घोड्यापुढे नाचलेला.

हैबती भर बाजारात त्याच्या दुकानापुढे उभा राहिला. "शिद्या, नवी मोटर म्हणून भंगार घातलंस माझ्या गाडीत! चोर हायस तू!"

शेजारच्या भजीवाल्याचा झारा हवेतच राहिला. शिदूने हात पुसले. "मोटर खोलून आण," एवढंच म्हणाला.

हैबतीने मोटर पंख्यासकट खोलून आणली. शिदूने ती बाकड्यावर ठेवली आणि तिच्या दोन वायरी बॅटरीला टेकवल्या. पंखा असा फिरला की बाकड्यावरचं वर्तमानपत्र उडून भजीच्या कढईत पडलं. लोक खो खो हसले.

"हितं फिरती," शिदू म्हणाला. "तुझ्या गाडीत फिरत न्हाई. मग चोर कुठं बसलाय?"

हैबती मोटर उचलायला लागला. जे बोलायला हवं होतं, तेच नेमकं बोलला नाही. शिदूने दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब त्याच्या हातात ठेवला. "ह्याचं एक टोक पंख्याकडं येणाऱ्या वायरीला धर. दुसरं लोखंडाला टेकवत जा. करंट नुसता येऊन भागत न्हाई, त्याला गाडीच्या लोखंडातनं परत जायला बी वाट लागती. जिथं दिवा लागंना, तिथं वाट अडलीय. आणि हैबती, जागा सापडली की सांगायला ये. चोर कोण, ते मला बी कळू दे."

बुधवारी दुपारी हैबतीने मोटर पुन्हा बसवली आणि दिवा घेऊन ट्रकात शिरला. एक टोक येणाऱ्या वायरीला, दुसरं दाराच्या बिजागरीला. तिथला रंग खिळ्याने खरवडला. दिवा लख्ख. सीटच्या पायाला लावलं. लख्ख. मग काळ्या वायरीच्या बोल्टाला लावलं. अंधार. बोल्टाचं डोकं घासून पुन्हा लावलं. अंधारच.

त्याने बोल्टाकडे बघितलं. बोल्ट त्याच्याच नावाच्या मधोमध बसला होता. लालाचं "पण दादा" कानात वाजलं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? तिथला रंग खरवडला असता. हैबतीने आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी बघत नाही ना. मग वायरीचा एक तुकडा घेतला, काळ्या वायरीला जोडला, पायाखालच्या रेक्झिनच्या खालून ओढून बिजागरीला गुंडाळला. कळ दाबली. घुर्र! नाव जसंच्या तसं चकाकत राहिलं.

त्याची बायको यमुना चहा घेऊन आली. "सापडलं का? काय हुतं?"

"काय न्हाई. शिद्याचीच मोटर. अधनंमधनं अडकती."

रेक्झिनखालून वायरीचं टोक डोकावत होतं. यमुनाने ते बघितलं. "मोटरीला शेपूट कवा फुटलं?" म्हणाली आणि कप घेऊन गेली.

गुरुवारी उजाडायच्या आत माल भरला. धुकं असं की ट्रकाच्या नाकापुढचं दिसेना. यमुना बाजाराला म्हणून शेजारी बसली. पंखा घुरघुरत होता. हैबती शीळ घालत होता. घाट लागला तसा जुना ट्रक खडखडायला लागला आणि सगळ्यात जास्त खडखडलं ते दार. अवघड वळणावर बिजागरीची वायर निसटली. पंखा थांबला. दोघांच्या श्वासाने काच बघता बघता पांढरी झाली.

हैबतीने ब्रेक दाबला. यमुनाने पदराने काच पुसली, ती पुन्हा भरली. त्याने वायर पुन्हा गुंडाळली. ट्रक जरा सरकला, वायर पुन्हा निसटली. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मागे सगळ्या गावाची मेहनत मऊ होत चाललेली.

"अवो," यमुना म्हणाली, "दार हलायचंच. त्याला वायर बांधून कुठवर जाणार? काल दिवा कुठं लागला न्हाई, ते दारातनं बघितलंय मी."

"कुठं?"

"तुमच्या नावावर."

हैबतीने उत्तर शोधलं. रस्ता वाईट म्हणावं तर रस्ता रोजचाच. मोटर वाईट म्हणावं तर ती भर बाजारात फिरलेली. धुकं वाईट म्हणावं तर धुक्यासाठीच पंखा घेतलेला. सगळी शेजारपाजारची घरं धुंडाळून चूक शेवटी आपल्याच दारात येऊन बसली.

त्याने स्क्रूड्रायव्हर काढला. बोल्ट खोलला आणि आपल्याच नावाचा 'ब' खरवडायला लागला. आधी वॉर्निश निघालं, मग सोनं, मग हिरवा रंग. पहिल्यांदा काळीज खरवडल्यासारखं झालं. मग खालचं लोखंड चमकलं, आणि काय सांगावं, ते त्याला सोन्याहून बरं दिसलं. भोकातला रंगही टोकरून काढला, काळी वायर बसवली, बोल्ट आवळला.

कळ दाबली. घुर्र!

काच खालून वर साफ होत गेली. आधी रस्त्याकडेचे चुना लावलेले दगड दिसले, मग वळण, मग कठड्यावर बसलेलं एक वानर. ते हैबतीकडेच टक लावून बघत होतं. यमुना हसली.

"हसतीस काय?"

"त्यानं बी बघितलं म्हणायचं."

मग हैबतीही हसला. ट्रक घाट उतरला, माल वेळेवर पोचला आणि सगळ्यात आधी संपला. जाम करायलासुद्धा उरला नाही.

पाट्या रिकाम्या झाल्यावर हैबती शिदूच्या दुकानापुढे गेला. तोच भजीवाला, तीच गर्दी. त्याने घसा खाकरला. "मोटर चांगली हुती. रंग मी मारायला लावला आणि चोर तुला म्हटलं. चारचौघांत म्हटलं, म्हणून चारचौघांत सांगतोय."

शिदूने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माझा दिवा आणलास का?"

"आणलाय."

"मग बस. भजी सांग. आणि ह्या वक्ताला कागद न घातलेली सांग."

लालालाही त्याने घरी बोलावून जेवू घातलं. जेवल्यावर लाला म्हणाला, "दादा, बोल्ट सोडून नवा 'ब' काढून देतो." हैबती म्हणाला, "ऱ्हाऊ दे." तेव्हापासून ट्रकात 'हैतराव' लिहिलेलं आहे. पोरं त्याला त्याच नावाने हाक मारतात आणि तो ओ देतो. घरात दूध उतू गेलं की यमुना एवढंच विचारते, "दिवा आणू का?" आणि हैबती चुलीला शिव्या न देता फडकं घ्यायला उठतो.

तात्पर्य: काही बिघडलं की पहिला दिवा आपल्या नावावर धरावा. दुसऱ्याला चोर म्हणायची घाई करू नये. आणि म्हणून बसलाच असाल, तर जेवढ्या लोकांत म्हटलं तेवढ्याच लोकांत परत घ्यावं.