दोन चुलींची आई

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. पूर्वेकडच्या एका डोंगराळ राज्यात, माणसाने चांगलं कसं व्हावं यावरून पंडित भांडत असत.

नदीअलीकडचे गुरू सांगत, "प्रत्येक वस्तूत तिचा नियम असतो. एकेक वस्तू तपासा, म्हणजे योग्य काय ते कळेल." पलीकडचे सांगत, "योग्य काय ते मनाला जन्मापासून ठाऊक असतं. स्वार्थाची धूळ झटका, की झालं." दोन्ही बोलणी ऐकायला गोड, पण शिष्यांमधून विस्तव जात नव्हता. दुसऱ्या पाठशाळेचा शिष्य जेवतो त्या चुलीवरचं अन्न शिवायचं नाही, असा दंडकच होता.

एका विधवेचे दोन मुलगे, एक अलीकडे शिकायला, एक पलीकडे. दोघेही जेवायला घरीच येत. म्हणून ती बिचारी एका छपराखाली दोन चुली पेटवी. घरात विद्वान निपजले की असंच व्हायचं!

पुढे तिला खोकला लागला.

थोरला रोज वहीत टिपू लागला. चूल कधी पेटली, लाकूड ओलं की सुकं, खोकला किती वेळ टिकला. महिन्याभरात त्याच्या ध्यानात आलं, की आईला धूर मारतो आहे. पण अर्धवट ज्ञानावर पाऊल उचलू नये, असं त्याला शिकवलेलं. तो लाकडांच्या जाती तपासत बसला आणि कुणाला काही बोलला नाही.

धाकटा मात्र आईची पाठ चोळी, तिच्यासाठी रडे. ती गारठली असावी, असं त्याच्या मनाने घेतलं. माझ्या मनात खोट नाही, तेव्हा सुचलं ते बरोबरच, म्हणत त्याने खिडक्या लावून घेतल्या. थोरल्याने वहीत लिहिलं : खिडक्या बंद, खोकला दुप्पट.

एके दिवशी आई म्हणाली, "आज एकाच चुलीवरचं खाल का रे दोघं? दुसरी पेटवायचं बळ नाही."

दोघेही मान खाली घालून म्हणाले, "त्याला सांग."

तिने दुसरीही पेटवली. फुंकर घालता घालता ती तिथेच कोसळली, ती पुन्हा उठली नाही.

तेराव्या दिवशी धाकट्याने ती वही वाचली. "दादा, तुला कळलं होतं, तर बोलला का नाहीस?"

"तुझा एवढा जीव तुटत होता, तर मला विचारलं का नाहीस?" थोरला म्हणाला.

शेजारणीने एकाच पातेल्यातला भात दोघांना वाढला. दोघांनी पानं पुढे ओढली. दंडकाची आठवण कुणालाच झाली नाही.

बाळांनो, नुसतं कळून भागत नाही आणि नुसतं कळवळूनही भागत नाही. दोन्ही वेळेवर एकत्र आली, तरच आपलं माणूस वाचतं.