माघात छाटलेली गोजी

"सांगून सांगून माझा घसा बसला, पण एकालाही खरं वाटलं नाही!"

ही तक्रार माझी नव्हे. फार फार वर्षांपूर्वी डोंगरापल्याडच्या एका गावात एक शेळीवाली बाई राहायची, तिची आहे. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका, कारण खोड तुमचीच आहे.

त्या देशाच्या राजानं लांबच्या थंड मुलखातून एक झाड आणवलं. गोजी त्याचं नाव. काटेरी झुडूप, लवलवत्या फांद्या, इवली जांभळी फुलं, आणि फळ म्हणाल तर लवंगी मिरचीएवढं, लालभडक नि गोडसर. राजानं घरटी एक रोप वाटलं आणि निरोप धाडला, "परसात लावा. तिसऱ्या श्रावणात मी फळं खायला येतो."

रोपांच्या गाडीबरोबर राजाचा म्हातारा माळी आला होता. तो गावच्या कारभाऱ्याला काही सांगायला लागला. या कारभाऱ्याचं नाव मी शेवटी सांगेन, तोवर दम धरा. तर कारभारी म्हणाला, "आम्हाला झाडं शिकवता? या आता!" आणि त्यानं माळ्याला वाटेला लावलं.

वर दवंडी पिटली. "राजाच्या झाडाला लोखंड लावायचं नाही. जो लावेल त्याला गावाबाहेर काढीन." असा मान राखला की राजा खूश होईल, असं त्याला वाटलं. झाडाला काय वाटेल, ते त्यानं विचारलं नाही.

झाडं माजली. घमेली घमेली शेणखत, घागरी घागरी पाणी. फांद्यांत फांद्या अडकल्या, बुडातून फुटवे निघाले, टोकं जमिनीला टेकून तिथंच मुळं धरू लागली. परसात जायचं म्हणजे साडी फाडून घ्यायची. फळं मात्र शोधून चार.

दुसऱ्या माघात बाईच्या शेळीनं दावं तोडलं आणि गोजीच्या एका बाजूचे शेंडे खाऊन टाकले. बाईनं काठी उचलली. शेळी म्हणाली, "मारायचं असेल तर पावसाळ्यात मार. आधी बघ काय होतं ते." हो, त्या काळी शेळ्या बोलायच्या. माणसंच ऐकायची नाहीत.

पावसाळ्यात बाईनं पाहिलं. शेळीनं खाल्लं होतं तिथं कोवळे फुटवे आले होते आणि त्यांवर फळं लोंबत होती. उरलेल्या बाजूला नुसता पाला.

ती घरोघर गेली. "अगं बायांनो, फळ नव्या फांदीला धरतं. माघात छाटा!"

"शेळीचं उष्टं आम्हाला शिकवतेस होय?" शेजारीण हसली. "उद्या म्हणशील, कोंबडीनं स्वयंपाक सांगितला."

तिसऱ्या माघात बाईनं कोयती परजली. बुडातले फुटवे काढले. एक खोड ठेवलं, एकमेकांत घुसलेल्या फांद्या उडवल्या, उरलेल्या हातभर ठेवून झाड कमरेएवढं केलं. उरलं ते जळक्या खुंटासारखं दिसत होतं. खरं सांगायचं तर रात्रभर तिलाही झोप लागली नाही. गावाबाहेर काढलं तर या वयात शेळी घेऊन जायचं कुठं?

सकाळी कारभारी दारात. "राजाचं झाड मारलंस तू! श्रावणात त्याच्यासमोरच तुला गावाबाहेर काढतो. घर आवरायला लाग."

"घर आवरलेलंच असतं माझं, कारभारी. तुमचं परस बघा जरा."

चैत्रात खुंटाला डोळे फुटले. ज्येष्ठात जांभळी फुलं आली. श्रावणात झाड असं लाल झालं की रस्त्यावरून दिसावं. पण कारभारी हटला नाही. "फळं आली म्हणून गुन्हा धुतला जात नाही," म्हणाला.

राजा आला. कारभाऱ्यानं मोठ्या तोऱ्यात स्वतःचं झुडूप दाखवलं. दोन पुरुष उंच! राजानं आत हात घातला. हाताला काटे लागले, फळ काही लागलं नाही.

कारभारी घाईनं म्हणाला, "महाराज, त्या शेळीवालीनं झाड कापलं, म्हणून गावातली सगळी झाडं रुसली. दोष तिचा आहे."

"ते कापलेलं झाड दाखवा," राजा म्हणाला.

सगळं गाव बाईच्या परसात लोटलं. बाईनं जुनं लुगडं झाडाखाली पसरलं आणि फांदी हलकेच हलवली. "बोटांनी तोडलं तर फळ चेपून काळं पडतं, महाराज." लुगड्यावर लाल सडा पडला. राजानं मूठ भरून खाल्ली आणि दुसऱ्यांदा ओंजळच पुढं केली.

राजामागून म्हातारा माळी पुढं आला. त्यानं खोडावरून हात फिरवला. "अशीच छाटतात. दर माघात छाटा, हेच तर सांगायला आलो होतो मी तीन वर्षांपूर्वी."

"कुणाला सांगितलंत?" राजानं विचारलं.

माळ्यानं कारभाऱ्याकडं पाहिलं. सगळ्या गावानं तिकडंच पाहिलं. कारभाऱ्यानं शेळीकडं बोट केलं. शेळी म्हणाली, "मला नाही हो. मला सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं."

गाव असं हसलं की झाडावरची उरलेली फळंही खाली पडली!

राजानं कारभार काढून घेतला. पुढच्या माघात बाई कोयती घेऊन घरोघर फिरली, पुढं शेळी, मागं काट्यांचे भारे डोक्यावर घेतलेला कारभारी. शेजारणीनं दारात बाईला हळदीकुंकू लावलं आणि मान खाली घालून म्हणाली, "चुकलंच आमचं, अक्का." त्या श्रावणात गावात फळाविना एक परस राहिलं नाही.

लक्षात ठेवा: ज्यानं फळावं असं वाटतं त्याला वेळेवर छाटा, आणि जी डोळ्यांनी बघून सांगते तिचं ऐका.

त्या गावात अजूनही माघात बायका झाडाशी बसतात. बुडातून सरळ उंच निघालेला, ताठ, नुसत्या पाल्याचा फुटवा दिसला की लेकी विचारतात, "आई, आधी कुणाला काढायचं?" आणि आया त्या फुटव्याचं नाव सांगतात: हैबतराव.