बायजाक्काने वाढवलेला डोंगर

आज्याच्या आज्यालाही नीट आठवत नव्हतं, इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट. गारकडा डोंगराच्या पायथ्याला माथेवाडी, आणि तिथे बायजाक्का ढेबे नावाची सुईण. तोंडाने फटकळ, हाताला मात्र गुण. बाळंतिणीच्या अंगावरून फार जायला लागलं की ती धुकटीचा पाला वाटून द्यायची. तिच्या हातून एकही बाई दगावली नाही, असं म्हणतात.

धुकटी म्हणजे निळ्या फुलांचं वीतभर झुडूप. धुक्यावर जगणारं, उन्हाचं भारी वावडं. आधी ते वाडीच्या वेशीवरच मिळायचं. मग उन्हाळे तापू लागले, धुकं खाली उतरेना, आणि धुकटी दरसाल वर सरकली. आधी पाणवठ्यापाशी, मग खिंडीत, मग थेट कड्यावर.

"माझे गुडघे खाली चाललेत आन् ही बया वर चाललीय!" बायजाक्का करवादायची.

वाडीचा म्होरक्या राघू कोकरे म्हणाला, "अक्का, ती रुसलीय. रुसलेल्या सुनेला आणतात तशी आणू." झालं! खण, नारळ, पुरणपोळ्या घेऊन अख्खी वाडी वाजतगाजत कड्यावर. राघूने झुडपापुढे हात जोडले, "चला सूनबाई, चुकलं आमचं." मग ते मुळासकट उपटून टोपलीतून आणलं आणि वेशीवर लावलं. आठवड्यात वाळून काडी झालं. पुरणपोळ्या बकऱ्यांनी खाल्ल्या, खण राघूच्या बायकोने ठेवून घेतला.

"रुसली नव्हती रं मुडद्या, पोळत होती ती!" बायजाक्काने त्याला अशा काही शिव्या घातल्या की झाडावरचे कावळे वाडी सोडून गेले, असं म्हणतात.

पुढच्या साली ती वर गेली तर धुकटी अगदी माथ्यावर, ओंजळभर उरलेली. त्याच्या वर नुसतं आभाळ. तिची लेक ठकी त्या वेळी पोटुशी होती. बायजाक्का तिथेच बसली आणि ढसाढसा रडली. आता हिने जायचं कुठं? आणि माझ्या ठकीचं काय?

मग नाक पुसून उठली. "डोंगर संपला ना? वाढवू की!"

वाडी खो खो हसली. अक्काने डोक्यावर धोंडा घेतला आणि चढू लागली. जो हसला त्याला शिवी, जो बसला त्याला दोन. शेवटी राघूसकट सगळे निघाले. बैलांना न हलणारे धोंडे तिच्या शिव्या ऐकून आपणच वर गडगडत गेले, असं म्हणतात.

माथ्यावर दगडांची मोठी रास झाली. पण धुकटी काही तिच्यावर चढली नाही. सावलीच्या बाजूने दगडांच्या फटींत शिरली. तिथे ऊन पोचत नव्हतं आणि धुक्याचं पाणी थेंबथेंब झिरपत होतं.

"भवाने, तुझ्यासाठी डोंगर वाढवला आन् तू तळघरात बसलीस!" बायजाक्का हसत होती आणि डोळ्यांना पदर लावत होती. त्याच पाल्याने ठकी वाचली. नातीचं नाव धुकटी ठेवलं.

ऊन अजून चढतंच आहे. म्हणून माथेवाडीत बाईला नववा महिना लागला की नवऱ्याने माथ्यावर धोंडा नेऊन ठेवायचा. खालून बायका मनसोक्त शिव्या देतात, कारण त्याशिवाय धोंडा हलका होत नाही. वर पोचला की तो ओरडतो, "बायजाक्का, आणला गं!"

आणि खालून सगळ्या बायका एका सुरात ओरडतात, "मग अजून एक आण, मुडद्या!"